सोंड, वायसर आणि जाळीचा पाइप

चिखलदऱ्यावर पाऊस भरपूर पडतो, तरी उन्हाळ्यात पाण्याची ओढाताण असतेच. वर्षाला दीड हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, म्हणजे खाली अकोल्यात पडतो त्याच्या जवळपास दुप्पट. पण गाव वसलंय गाविलगडच्या डोंगरमाथ्यावर, समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या आसपास, आणि पायाखाली आहे काळा खडक. त्याच्या भेगांत मुरेल तेवढं पाणी राहतं, बाकीचं कड्यांवरून खाली उतरतं. दक्षिणेकडचं चंद्रभागा आणि शहानूरमधून पूर्णेला जातं, उत्तरेकडचं सिपनेतून तापीला. पूर्णाही पुढे तापीलाच मिळते. श्रावणात इथे धुक्यामुळे समोरचा माणूस दिसत नाही, भिंतींना हात लावला तर ओला होतो. आणि त्याच तालुक्यात, खडीमलसारख्या गावांत, एप्रिल-मे महिन्यात बाया टँकरची वाट पाहत विहिरीच्या काठावर उभ्या असतात.

मी परतवाड्याचा. नळ फिटिंगचं काम करतो, आणि हंगाम तोंडावर आला की चिखलदऱ्याच्या हॉटेलांच्या, बंगल्यांच्या काचा धुऊन द्यायचं कामही घेतो. दोन्हीकडे माझा खरा वेळ जातो तो जिथून जाऊ नये तिथून जाणारं पाणी थांबवण्यात. हे काम आमच्या घरात तीन पिढ्यांचं आहे. आजोबा चर्मकार, ते मोटा शिवायचे. वडील नळांना वायसर बसवायचे. माझ्या पेटीत रबरी रिंगा, क्लिपा आणि टेपची भेंडोळी आहेत. वऱ्हाडातल्या पाण्याचा इतिहास तळी बांधणाऱ्यांच्या आणि धरणं उभारणाऱ्यांच्या नावाने लिहिला जातो, आणि तो मान त्यांचाच आहे. पण साठवलेलं पाणी माणसाच्या तोंडापर्यंत पोचतं ते जोडांमधून, आणि ते जोड राखणारा माणूस त्या इतिहासात कुठे सापडत नाही. म्हणून हा लेख.

सुरुवात गाविलगडापासूनच करावी लागते. १४२५-२६ मध्ये बहमनी सुलतान अहमदशहा वली याने हा किल्ला बांधला आणि १४८८ मध्ये वऱ्हाडच्या इमादशाहीचा संस्थापक फतहुल्ला इमाद-उल-मुल्क याने त्याची दुरुस्ती केली. इतक्या उंचावर फौज राहू शकली ती देवी तलाव, मच्छी तलाव अशा आतल्या तळ्यांच्या जोरावर. १५ डिसेंबर १८०३ रोजी वेलस्लीच्या इंग्रज फौजेने हा किल्ला घेतला, तोही पाणी तोडून नव्हे. डोंगरातून तोफा ओढत आणून उत्तरेचा तट पाडला तेव्हा.  त्यानंतर दोनच दिवसांत नागपूरकर भोसल्यांशी देवगावचा तह झाला आणि महिनाअखेरीस, ३० डिसेंबरला, शिंद्यांशी सुर्जी अंजनगावचा.

तळ्यातलं पाणी शिबंदीच्या रांजणापर्यंत न्यायला त्या काळी एकच साधन सगळ्या मुलखात चालत होतं: कातडं. पखाल जनावराच्या पाठीवर, मशक माणसाच्या खांद्यावर. मातीचा घडा चढावर फुटतो, तांब्याचा जड होतो. कातडं वाकतं, पाठीला बसतं आणि गळायला लागलं तर शिवता येतं. या शेवटच्या गुणामुळेच ते शेकडो वर्षं टिकलं. वऱ्हाडातलं पाणी राखण्याचं कौशल्य म्हणूनच आधी कातडं कमावणाऱ्या आणि शिवणाऱ्या लोकांच्या हातात होतं.

या कौशल्याचं शिखर म्हणजे मोट. खालच्या पट्ट्यात, अचलपूर-परतवाड्याच्या संत्र्याच्या बागांत आणि अंजनगाव सुर्जीच्या पानमळ्यांत, इंजिनं येईपर्यंत मोटेचंच पाणी होतं. पानाच्या वेलीला पाण्याचा खाडा चालत नाही. मोट दोन दिवस बंद पडली तर मळा माना टाकतो. ज्यांनी मोट पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. वर लोखंडी कडं, त्याला शिवलेली कातड्याची मोठी थैली, आणि थैलीच्या खालच्या टोकाला निमुळती, दोन्हीकडून उघडी सोंड. दोर दोन. जाड नाडा कड्याला बांधलेला, तो वरच्या चाकावरून जातो. बारीक सोल सोंडेच्या टोकाला, ती खालच्या लाकडी रुळावरून जाते. दोन्ही दोर बैलांच्या जुवाला. बैल धावेवरून उतरू लागले की मोट वर येते, आणि सोलीच्या ओढीने सोंड दुमडून तोंडाच्या बरोबरीने उभी राहते, म्हणून वाटेत पाणी सांडत नाही. काठाशी आली की मोट आणखी वर चढते, सोंड मात्र थारोळ्याकडे ओढली जाते, मोकळी होते आणि सगळं पाणी धोधो थारोळ्यात पडून पाटाला लागतं. तोटी नाही, झाकण नाही, फिरवायचा एकही भाग नाही. दोन दोरांच्या लांबीतल्या फरकावर पाणी अडतं आणि सुटतं. आज मी हजारो रुपयांच्या पाण्याच्या गन आणि व्हॉल्व्ह उघडतो, पण पाणी अडवण्या-सोडण्याची इतकी साधी आणि पक्की युक्ती मला दुसरी दिसलेली नाही.

मोट गळायची ती तीन ठिकाणी: कड्याजवळच्या शिवणीत, थैली आणि सोंड जिथे मिळतात तिथे, आणि सोंडेच्या त्या घडीवर जिथे ती दिवसभर दुमडते आणि उघडते. आजोबांचं काम मी लहानपणी पाहिलं तेव्हा मोटा संपत आल्या होत्या, पण एकदोन बागाईतदार अजून आणून टाकायचे. आधी ते मोट एक रात्र पाण्यात बुडवून ठेवत. कोरड्या कातड्यात आरी घातली तर ते तडकतं. सकाळी गळकी शिवण रापीने कापून काढायची, कड साफ करायची, आणि ठिगळ आतून लावायचं. पाण्याचा दाब ठिगळाला कातड्यावर दाबेल असं. बाहेरून लावलं तर तोच दाब ठिगळ ढकलून देतो. शिवायला सुतळी नव्हे, कातड्याचीच वादी, करंजीच्या तेलात भिजवलेली. आरीने पाडलेलं भोक वादीपेक्षा जरा बारीकच असायचं. वादी ओढून बसवली की मोट पुन्हा पाण्यात. वादी फुगते, भोकाच्या कडा फुगतात आणि शिवण मिटते. आजोबा म्हणत, “कातड्याले पाणी पाजलं तं ते पाणी सोडत नाही.” माझ्या धंद्याचं पहिलं सूत्र मला याच वाक्यात मिळालं: गळती थांबवणारी वस्तू दाबाखाली पसरणारी असली पाहिजे, आणि ती पाण्याच्या बाजूने बसवली पाहिजे.

हीच अडचण जगात दुसरीकडेही होती. आग विझवायला पाणी लांबवर न्यायचं म्हणून ॲम्स्टरडॅममध्ये यान व्हॅन डर हायडेन या चित्रकाराने १६७३ च्या सुमारास कातड्याचा शिवलेला पाइप आणला. दाब वाढला की शिवणी गळायच्या. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या लोकांनी शिवणीऐवजी तांब्याच्या रिव्हेटा ठोकल्या, तेव्हा कुठे तो पाइप भरवशाचा झाला. आपल्याकडेही वाफेच्या इंजिनांत पाणी भरायच्या खांबांना कातड्याची सोंड असायची. आमच्या भागातली शकुंतला रेल्वे, मूर्तिजापूर ते अचलपूर, विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सुरू झाली आणि १९९४ पर्यंत वाफेवर धावली. रेल्वे आली म्हणून कातडं शिवणाऱ्याची गरज संपली असं झालं नाही.

पण या इतिहासाची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ज्या विहिरीची मोट आजोबांच्या जातीचा माणूस शिवत होता, त्या विहिरीला हात लावायची त्याला मुभा नव्हती. त्याने शिवलेल्या कातड्यातून वर आलेलं पाणी सगळ्यांना चालायचं, त्याचा तांब्या चालायचा नाही. तो पाटाच्या टोकाशी उभा राहून ओंजळीत पाणी घ्यायचा. नाडे आणि सोली अंबाडीपासून वळून देणाऱ्या मांग समाजाचंही तेच. खळ्यावर बलुतं मिळायचं, पाण्यावर हक्क मिळायचा नाही. मार्च १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी हातात घेतलं, त्याच वर्षी अमरावतीत अंबादेवी मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह उभा राहिला. पुढच्याच वर्षी डॉ. पंजाबराव देशमुख अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले आणि सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या करण्याचं काम त्यांनी हाती घेतलं. आमच्या घरात या दोघांची नावं देवाच्या आधी घेतली जातात. नळाचं महत्त्वही मी याच हिशेबात मोजतो. विहिरीचा काठ एकाच्या मालकीचा असतो, रस्त्यावरच्या नळावर मात्र रांग असते. त्या रांगेतही भांडणं झाली, अपमान झाले, पण रांग मोडून काढणं कुणाला कायमचं जमलं नाही.

आता पुन्हा डोंगरावर. १८२३ साली हैदराबाद रेजिमेंटचा कॅप्टन रॉबिन्सन इथे पोचला आणि इंग्रजांच्या कागदावर चिखलदरा आलं. कोरकू आणि गवळी लोक त्याच्या कितीतरी आधीपासून इथे राहत होते. ओढ्याच्या रेतीत झिरा खणून, वाळलेल्या तुंब्यात पाणी भरून ते आपलं भागवत होते. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात गेल्यावर उन्हाळ्यात अधिकारी वर येऊन राहू लागले. बंगले झाले, कॉफीची लागवड झाली, आणि खिडक्यांना काचा आल्या.

काच आली म्हणजे ती पुसणं आलं. सखल गावात काचेवर धूळ बसते. ओल्या फडक्याने निघते. चिखलदऱ्यात चार महिने काच कोरडीच होत नाही. सागवानी चौकटीच्या खाचेत पाणी राहतं, तिथून हिरवं शेवाळ काचेवर चढतं आणि पाऊस सरला की वाळून चिकटतं. ते घासायला पाणी लागतं, आणि पुष्कळ लागतं. ते आणायचा भिश्ती. तळ्यावरून मशक भरून चढ चढायचा, न्हाणीघरातलं पिंप, स्वयंपाकाचा रांजण आणि काचा, सगळं त्याच्या एका मशकेवर. बंगल्याच्या वैभवाचं वर्णन करणाऱ्यांनी हवेबद्दल पुष्कळ लिहिलं; पण तिथल्या स्वच्छ काचांमागे शिवलेलं कातडं होतं आणि ते वाहणारा माणूस होता.

नळ वऱ्हाडात हळूहळू आला. मुंबईत विहार तलावाचं पाणी १८६० मध्ये नळाने पोचलं. अमरावती शहरासाठी छत्री तलाव १८८८ मध्ये आणि वडाळी तलाव १८९९ मध्ये बांधला गेला. आज अमरावतीकर सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणाचं पाणी पितात, पण शहराला तळ्याच्या पाण्याची सवय लागली ती या दोन तलावांपासून.

नळाची तोटी म्हणून आपण जी ओळखतो, फिरवली की दांडी खाली जाऊन पाणी बंद करणारी, ती इंग्लंडमधल्या रॉदरहॅमच्या गेस्ट अँड क्राइम्स या पितळी कारखान्याने १८४५ मध्ये पेटंट घेऊन बाजारात आणली. त्याआधीच्या तोट्यांत आडवं भोक असलेला खुंटा असायचा. तो चटकन बंद व्हायचा, झिजला की गळायचा, आणि एकदम बंद केल्याने नळीत धक्का बसायचा. नव्या तोटीत पितळी आट्यांची दांडी आली आणि दांडीच्या टोकाला एक गोल चकती. ती चकती बैठकीवर दाबली की पाणी बंद. ती कशाची होती? कातड्याची. गरम पाण्याच्या नळाला पुढे दुसऱ्या चकत्या आल्या, पण थंड पाण्याच्या नळात कातड्याचा वायसर माझ्या वडिलांच्या काळापर्यंत चालला. आजोबांचं सूत्र जसंच्या तसं पितळेच्या पोटात जाऊन बसलं होतं.

म्हणूनच आमच्या घरात मोट जाऊन नळ आला तेव्हा धंदा मोडला नाही. वडिलांना कातडं कळत होतं. ते बाजारातला तयार वायसर घ्यायचे नाहीत. जुन्या मोटेचा, जुन्या पट्ट्याचा पाठीकडचा तुकडा निवडायचे, कारण पोटाकडचं कातडं सैल असतं. पंचाने चकती काढायची, एक रात्र तेलात ठेवायची, मऊ बाजू बैठकीकडे करून बसवायची. वायसर बसवण्याआधी मात्र ते बोटाच्या टोकाने बैठक चाचपायचे. पितळेच्या गोल कडेवर केसाएवढी जरी चीर पडलेली असली तरी नवा वायसर महिन्याभरात कापला जातो. मग लाकडी खुंटीच्या टोकाला बारीक पॉलिश पेपर लावून बैठक घासायची, पुन्हा बोट फिरवायचं. तोटीच्या मानेतून पाणी येत असेल तर वायसरचा दोष नसतो. तिथे ग्लँड उघडून दांडीभोवती ग्रॅफाइटची दोरी दोन वेढे गुंडाळायची आणि नट हातापेक्षा थोडाच जास्त कसायचा. नव्या मुलाला ते एकच सांगत, “जोर लावू नको बाप्पा, कुठून येते ते पाय.” बहुतेक नळ माणसाच्या जोरानेच मरतात. गळतो म्हणून घट्ट आवळतात, आवळला की वायसर चिरतो, चिरला की आणखी गळतो.

एका थेंबाचा हिशेब मी गिऱ्हाइकाला नेहमी करून दाखवतो. सुमारे चार हजार थेंबांचा एक लिटर होतो. सेकंदाला एक थेंब पडत असेल तर दिवसाला वीस लिटरच्या वर पाणी गेलं, म्हणजे एक भरलेला गुंड. चिखलदऱ्यात ज्या हॉटेलात वीस नळ ठिबकतात, तिथून रोज वीस गुंड पाणी कुणाच्याही कामी न येता वाहून जातं, आणि त्याच वेळी खालच्या पाड्यात एक बाई एका गुंडासाठी दोन तास बसलेली असते. हे पाणी एकाच डोंगराचं आहे.

कातड्याची गोष्ट नळापाशी थांबत नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रभर बोअर खणले गेले आणि त्यांवर हापशा बसल्या. सुरुवातीच्या बिडाच्या हापशा एका घरासाठी बनलेल्या. सगळं गाव तुटून पडलं की त्या मोडायच्या. १९७४ मध्ये युनिसेफने पाहणी केली तेव्हा चारातल्या तीन हापशा बंद सापडल्या. त्यावरचा उपाय महाराष्ट्रातच अंकुरला होता. जालन्याच्या मिशनमधल्या आणि सोलापूर वेल सर्व्हिसच्या माणसांनी लोखंडाची भक्कम, एकाच खिळीवर फिरणारी हापशी बनवली होती. तिच्यावरूनच पुढे इंडिया मार्क टू तयार झाली आणि ती जगभर गेली. तिच्या सिलिंडरमध्ये, जमिनीखाली खोलवर, पाणी वर ढकलणाऱ्या दट्ट्याला दोन वाट्या असायच्या. त्या वाट्याही कातड्याच्याच. पुढे त्यांच्या जागी नायट्राइल रबर आलं. वाटी झिजली की हापशी कोरडी चालते. मेळघाटात ती बदलायला सगळे पाइप वर ओढावे लागत, आणि तेवढे हात, तेवढी अवजारं गावात नसत. हापशी बिघडली असं आपण म्हणतो. बहुतेक वेळा तळहाताएवढी एक वाटी झिजलेली असते आणि ती बदलणारा माणूस चाळीस किलोमीटरवर असतो.

आता माझ्या हातातल्या कामाकडे येतो. रबर आलं आणि तीन लहान वस्तूंनी आमचा धंदा बदलला. पहिली, पाइपावर कसायची पट्टीची क्लिप. ती १९२१ मध्ये इंग्लंडच्या नौदलातल्या कमांडर लम्ली रॉबिन्सन याने बनवली. त्याआधी पाइपावर तार पिळायचे, आणि तार पाइपात रुतून पाइप चिरायचा. दुसरी, रबराची गोल रिंग. डेन्मार्कहून अमेरिकेत गेलेल्या नील्स क्रिस्टेन्सन या म्हाताऱ्या कारागिराने १९३७ मध्ये तिच्या पेटंटसाठी अर्ज केला. खाचेत बसणारी ही रिंग पाण्याचा दाब आला की स्वतःच फाकून फट बुजवते. करंजीच्या तेलात भिजवलेली वादी हेच काम करत होती. तिसरी, १९३८ मध्ये सापडलेल्या टेफ्लॉनची टेप. तिने सफेदा आणि सुतळी मागे टाकली.

काचा धुण्याची अवजारंही अशीच आली. एक रबरी पातं लावलेला हलका पितळी वायपर एत्तोरे स्टेकोने या इटालियन माणसाने १९३६ मध्ये अमेरिकेत पेटंट केला. आज प्रत्येक काचवाल्याच्या हातात त्याचंच रूप आहे. अलीकडे लांब दांड्याचा ब्रश आला. दांड्याच्या आतून पाणी जातं, खाली टाकी, छोटी मोटर, जाळीचा पाइप आणि हाताशी तोटी. शिडी न लावता दुसऱ्या मजल्याची काच धुता येते. कड्यावरच्या इमारतीत, शेवाळलेल्या फरशीवर, हे साधन म्हणजे माणसाच्या जिवाची राखण आहे. पण त्यात सात-आठ जोड असतात, आणि प्रत्येक जोड गळू शकतो.

काचेच्या कामात गळती नुसतं पाणी घालवत नाही, झालेलं काम बिघडवते. बोअरच्या पाण्यात क्षार असतात. धुऊन वाळलेल्या काचेवर दांड्याच्या जोडातून चार थेंब उडाले की वाळल्यावर पांढरे डाग उठतात, आणि ते फडक्याने जात नाहीत. म्हणून मी शेवटचं पाणी टाकीत धरलेलं पावसाचंच वापरतो. आणि म्हणूनच काचेला हात लावण्याआधी सगळे जोड तपासतो. मोटर लावायची, हातातली तोटी बंद ठेवायची, म्हणजे दाब भरतो, आणि कोरडा कागद एकेका जोडाभोवती फिरवायचा. डोळ्याला न दिसणारी ओल कागदाला दिसते.

पाइप बहुतेक टोकाशी गळतो, जिथे तो निपलवर चढवलेला असतो. चिखलदऱ्याच्या थंडीत हा प्लास्टिकचा पाइप ताठ होतो, उन्हाळ्यात सुकतो, आणि टोक फाकून राहतं. तिथे क्लिप आणखी आवळून उपयोग नसतो. दोन इंच टोक धारदार पात्याने सरळ कापायचं, तिरकं नाही. नवं टोक गरम पाण्यात मिनिटभर धरायचं, मऊ झालं की निपलच्या शेवटच्या खाचेपर्यंत चढवायचं, आणि क्लिप निपलच्या दातांवर बसेल अशी ठेवून कसायची. गार होताना पाइप आपणच आवळतो. झटपट जोडातून पाणी येत असेल तर आतली रिंग काढून नखाने दाबून पाहायची. दाबल्याची खूण राहिली तर रिंग मेली. प्लास्टिकच्या आट्यांवर टेप आटे फिरतात त्याच दिशेने गुंडाळायची, नाहीतर कसताना ती उलगडते. तोटीच्या बुडाशी वाळूचा कण अडकलेला असतो, तो कुठल्याही वायसरला कापतो. म्हणून टाकीच्या तोंडाला कापडाची गाळणी बांधायची. यातली प्रत्येक गोष्ट मला शिकवलेली आहे, आणि मीही ती माझ्याकडे येणाऱ्या कोरकू मुलांना शिकवतो. त्यातली दोन मुलं आता आपापल्या गावातल्या टाकीचे जोड स्वतः राखतात.

हे इतक्या तपशिलाने लिहिलं, कारण आज या कामाची गरज पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त आहे. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जल जीवन मिशनची घोषणा झाली आणि घरोघरी नळ देण्याचं ठरलं. मेळघाटातही पाइप पोचले, टाक्या उभ्या राहिल्या. मला त्याचा मनापासून आनंद आहे. पण घरोघरी नळ म्हणजे घरोघरी एक वायसर, एक ग्लँड आणि दोन-चार जोड. शंभर घरांच्या गावात ते मोजून पाहावेत. पाच वर्षांत त्यातला प्रत्येक वायसर एकदा तरी झिजणार. तो कोण बदलणार? नळ-जल मित्र म्हणून गावातल्याच तरुणांना शिकवायची योजना आहे, ती योग्यच आहे. पण शिकवून भागत नाही. आजोबांच्या काळी गावाला चर्मकार हवा होता आणि गावाने त्याचं बलुतं बांधून दिलं होतं; मान दिला नाही, पण धान्य चुकवलं नाही. आज आपण संविधानाने मान दिला, आणि धान्याची जबाबदारी मात्र कुणाचीच ठेवली नाही. नळ बंद पडला की माणसाला बोलवायचं आणि हातावर वीस रुपये ठेवायचे, यात कुणाचंच पोट भरत नाही. म्हणून शिकलेली मुलं परतवाडा, अमरावती, पुणे गाठतात, आणि गावातला नळ गळत राहतो, मग कोरडा पडतो.

माझं मागणं लहान आहे. नळ असलेल्या प्रत्येक गावात ग्रामपंचायतीने एक पेटी ठेवावी: दोन पाने, एक पाइप पाना, वायसर, रिंगा, क्लिपा, टेप, थोडा पाइप. ती पेटी गावातल्याच एका शिकलेल्या मुलाच्या किंवा मुलीच्या हातात द्यावी, आणि त्या हाताला दर महिन्याला ठरलेला पगार द्यावा. हॉटेलवाले हंगामाआधी काचा धुऊन घेतात, तसेच त्यांनी एकदा सगळे नळ तपासून घ्यावेत, आणि त्या कामाचे पैसे काचेच्या कामाइतकेच मोजावेत. नवं तळं बांधायला कोटी लागतात आणि वर्षं लागतात. गळणारा नळ दुरुस्त करायला दहा रुपयांचा वायसर आणि एक जाणता माणूस पुरतो. वायसर कुठल्याही दुकानात मिळतो. माणूस गावात टिकवणं हे आपलं काम आहे, आणि ते या उन्हाळ्याच्या आधी सुरू करता येण्यासारखं आहे.